सूत्रधार हर्बर्ट चॅपमन

फुटबॉलचा सामना पाहावयास गेलेल्या प्रेक्षकाला मैदानावर बावीस खेळाडू दिसतात, शिट्टी घेतलेला पंच दिसतो, रेषेवरून निशाण घेऊन धावणारे त्याचे सहायक दिसतात. परंतु ज्याच्या मनात हा सामना आठवडाभर आधीच खेळून झालेला असतो, तो गृहस्थ मैदानाच्या कडेला कोट घालून बसलेला असतो. संघ जिंकला तर खेळाडूंना हार आणि हरला तर त्याला प्रहार, हा आता जगभरचा रिवाज झाला आहे. हैदराबादकरांना या माणसाचे महत्त्व सांगावयास नको. त्यांच्याच गावच्या सय्यद अब्दुल रहीम या शिक्षकाच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ साली आशियाई स्पर्धांचे सुवर्णपदक मिळविले होते.

तथापि विसाव्या शतकाच्या आरंभी, खुद्द इंग्लंडातदेखील, या माणसाला आजचे स्थान नव्हते. क्लबचा एक चिटणीस असे. तिकिटांचा हिशोब ठेवणे, आगगाडीच्या जागा राखणे, खेळाडूंचे पगार वाटणे आणि संचालकांच्या पत्रांची उत्तरे लिहिणे ही त्याची कामे. संघ कोणता उतरवावयाचा हे बहुधा संचालक मंडळ ठरवी. आणि संचालक म्हणजे गावातील व्यापारी, कारखानदार किंवा दारूच्या भट्टीचे मालक. आपल्याकडील जुन्या नाटक मंडळीच्या भाषेत सांगावयाचे तर व्यवस्थापक होता, पण तालीम मास्तर नव्हता. कोणत्या नटाने कोणती भूमिका करावी हे मात्र थिएटरचा मालक ठरवीत होता! ही व्यवस्था मोडून चिटणिसाचा सूत्रधार ज्यांनी केला, त्यांत हर्बर्ट चॅपमन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

चॅपमन यांचा जन्म १९ जानेवारी १८७८ रोजी यॉर्कशायरमधील किव्हटन पार्क या कोळशाच्या खाणींच्या गावी झाला. वडील खाणकामगार, घरात भावंडे पुष्कळ. हर्बर्ट हे अभ्यासात हुशार निघाले व शेफील्डच्या तंत्रशाळेत खाणकामाचे शास्त्र शिकले. त्यांचे धाकटे बंधू हॅरी हे शेफील्ड वेन्सडे संघाचे नामांकित खेळाडू झाले. हर्बर्ट यांच्या नशिबी तसे काही नव्हते. स्टेलीब्रिज, रॉचडेल, ग्रिम्स्बी, स्विंडन, शेफील्ड युनायटेड, नॉट्स काउंटी, टॉटनहॅम असा त्यांचा प्रवास झाला. कोठे हौशी म्हणून, कोठे पगारी म्हणून, आणि कोठेही फार काळ नाही. पिवळ्या कातड्याचे बूट घालणारा खेळाडू एवढीच त्यांची आठवण प्रेक्षकांना राहिली. एक मात्र खरे, की दहा-बारा संघांचे पाणी चाखल्यामुळे एखादा संघ का बिघडतो याचे जे ज्ञान त्यांस झाले, ते एकाच गादीवर दहा वर्षे बसलेल्या नामवंताला सहसा होत नाही.

१९०७ साली टॉटनहॅममधील एका सहकाऱ्याला नॉर्दॅम्प्टन टाउन या संघाने बोलावले. तो जावयास तयार नव्हता. त्याने चॅपमन यांचे नाव सुचविले. नॉर्दॅम्प्टन हा सदर्न लीगमधील संघ लागोपाठ दोन वर्षे तळाशी राहिलेला. चॅपमन खेळाडू आणि मॅनेजर अशा दुहेरी नात्याने तेथे गेले आणि दुसऱ्याच हंगामात, १९०८-०९ साली, हा संघ सदर्न लीगचा विजेता झाला. एक गोष्ट त्यांच्या ध्यानात येऊन चुकली होती. सतत चढाई करणारा संघ आपल्याच गर्दीत अडकतो. प्रतिपक्षाचे सारे गडी गोलासमोर जमतात व वाट उरत नाही. म्हणून त्यांनी आपले हाफबॅक थोडे मागे घेतले, प्रतिपक्षाला पुढे येऊ दिले आणि त्याच्या पाठीमागे मोकळ्या पडलेल्या जागेत चेंडू टाकावयास शिकविले. कुस्तीतील वस्ताद या युक्तीला हसेल, कारण प्रतिस्पर्ध्याला अंगावर घेऊन त्याच्याच जोराने त्याला पाडणे हे आखाड्यात नवे नाही. फुटबॉलमध्ये मात्र त्या काळी सामन्यापूर्वी असा विचार बसून करणे हेच नवे होते.

१९१२ साली ते लीड्स सिटी या दुसऱ्या श्रेणीतील क्लबकडे गेले. तेथेही संघ वर सरकू लागला; १९१३-१४ च्या अखेरीस तो चौथ्या स्थानी होता. इतक्यात महायुद्ध आले. १९१६ पासून चॅपमन हे लीड्सजवळील बार्नबो येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात व्यवस्थापकाचे काम पाहू लागले. युद्ध संपल्यावर ते क्लबमध्ये परतले. परंतु १९१८ च्या डिसेंबरात त्यांनी राजीनामा दिला.

पुढचे प्रकरण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत काळे. युद्धकाळात लीड्स सिटीने पाहुण्या खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिले अशी तक्रार १९१९ साली झाली. चौकशी मंडळाने हिशोबाची पुस्तके मागितली. क्लबने ती दिली नाहीत. हंगामाचे आठ सामने झालेले असताना क्लबला लीगमधून काढून टाकण्यात आले, आणि १७ ऑक्टोबर १९१९ रोजी लीड्सच्या मेट्रोपोल हॉटेलात त्याच्या खेळाडूंचा लिलाव झाला. होय, लिलावच! निरनिराळ्या क्लबांचे प्रतिनिधी आले, बोली झाल्या, आणि सोळा माणसे नऊ-दहा हजार पौंडांस वाटली गेली. क्लबच्या काही अधिकाऱ्यांस फुटबॉलमधून जन्माचे बाद करण्यात आले. त्यांत चॅपमन यांचे नाव होते.

चॅपमन दोषी होते काय? पुस्तके उघडलीच गेली नाहीत, त्यामुळे या प्रश्नाला निर्णायक उत्तर मिळणे कठीण. आपण त्या काळी कारखान्यात होतो, क्लबचे व्यवहार आपल्या हाती नव्हते, असे त्यांच्या बाजूने सांगण्यात आले. उलट, त्यांच्यासारखा बारीक नजरेचा मनुष्य क्लबमध्ये काय चालले आहे याविषयी सर्वस्वी अनभिज्ञ होता हे मान्य करणेही सोपे नाही. पुढील काळातही पैशाच्या बाबतीत नियमाच्या काठाकाठाने चालण्याची त्यांची सवय दिसते. ते काहीही असो. एकेचाळीस वर्षांचा, बायकामुलांचा हा गृहस्थ सेल्बी येथील तेलाच्या गिरणीत नोकरी करू लागला, आणि पुढे ती नोकरीही गेली.

त्यांस परत आणले ते हडर्सफील्ड टाउन या क्लबने. दैवाचा खेळ असा, की लीड्स सिटी बुडाल्यावर हाच क्लब उचलून लीड्सला नेण्याचा घाट त्याच्या धन्याने घातला होता, आणि गावकऱ्यांनी वर्गणी जमवून तो हाणून पाडला होता. लोकरीच्या गिरण्यांचे ते गाव रग्बीवेडे. फुटबॉल तेथे सावत्र अपत्यासारखा वाढत होता. क्लबने चॅपमन यांच्या वतीने अपील केले, बंदी उठली आणि १९२१ च्या आरंभी ते कामावर रुजू झाले.

नंतरच्या चार वर्षांत जे घडले ते नुसत्या आकड्यांनीच सांगितलेले बरे. १९२२ साली एफ. ए. चषक. १९२३-२४ साली प्रथम श्रेणीचे अजिंक्यपद, तेही कार्डिफ सिटीशी गुण समसमान असता गोलांच्या सरासरीतील केसाएवढ्या फरकाने. शेवटच्या दिवशी कार्डिफला पेनल्टी मिळाली होती. ती चुकली नसती तर इतिहास निराळा लिहिला गेला असता. १९२४-२५ साली पुन्हा अजिंक्यपद. तिसऱ्या वर्षीही ते हडर्सफील्डलाच मिळाले आणि लागोपाठ तीन वेळा जिंकणारा इंग्लंडातील पहिला क्लब हा मान त्या गावाला लाभला. मात्र तोवर चॅपमन लंडनला गेले होते.

लंडनच्या उत्तर भागातील हायबरी येथे आर्सेनल हा क्लब होता. १९२४-२५ च्या हंगामात बावीस संघांत तो विसाव्या स्थानी राहून जेमतेम तगला होता. क्लबचे अध्यक्ष सर हेन्री नॉरिस हे घरबांधणीच्या धंद्यातील धनाढ्य, मोठे हेकट गृहस्थ. मॅनेजर पाहिजे म्हणून त्यांनी वृत्तपत्रात जाहिरात दिली आणि तीत बजावले, की भरमसाट किंमत मोजून खेळाडू विकत घेणे एवढेच ज्याचे कर्तृत्व असेल त्याने अर्ज करण्याचे कष्ट घेऊ नयेत. वार्षिक दोन हजार पौंड वेतनावर चॅपमन आले, आणि याच क्लबने पुढे खेळाडूंच्या किमतीचे सारे उच्चांक मोडावे यातील गंमत इंग्रजांनी पुष्कळ चघळली आहे.

त्याच उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला. तोवर चढाई करणाऱ्या खेळाडूसमोर प्रतिपक्षाचे तीन गडी असणे आवश्यक होते. १९२५ पासून दोन पुरेसे ठरले. परिणाम असा झाला की इंग्लंडच्या प्रथम श्रेणीत १९२४-२५ साली ११९२ गोल झाले होते, ते पुढच्या वर्षी १७०३ झाले. जुनी बचावपद्धती कोलमडली. ३ ऑक्टोबर १९२५ रोजी न्यूकॅसलने आर्सेनलला सात-शून्य असे झोडपले. आर्सेनलचा कर्णधार चार्ल्स बुकन संतापला. मध्यभागी मोकळा फिरणारा जो सेंटर हाफ, त्याला दोन बॅकांच्या मधोमध मागे उभा करा असे तो प्रथमपासून सांगत होता. चॅपमन यांनी ते मान्य केले. दोनच दिवसांनी वेस्ट हॅमविरुद्ध नवी रचना मैदानात उतरली आणि आर्सेनलने चार गोलांनी सामना जिंकला.

या रचनेचे जनकत्व बुकनचे की चॅपमन यांचे, यावर बरेच वाद झाले आहेत. इतरही काही क्लब त्याच सुमारास त्याच दिशेने जात होते. पण एक गडी मागे घेणे ही झाली अर्धी गोष्ट. मागे घेतलेल्या गड्याची मध्यभागातील उणीव कोणी भरून काढावयाची? चॅपमन यांनी आघाडीतील एक आतला गडी, पुढे दोन्ही आतले गडी, खाली घेतले. वरून पाहिले असता पुढील पाच जण इंग्रजी 'डब्ल्यू' अक्षरासारखे व मागील पाच जण 'एम' अक्षरासारखे दिसू लागले. ही 'डब्ल्यू-एम' रचना पुढे पाव शतक जगभर चालली. १९५३ साली हंगेरीच्या संघाने वेम्ब्ली येथे इंग्लंडला सहा विरुद्ध तीन गोलांनी हरविले, तेव्हा कोठे तिच्या साम्राज्याला सुरुंग लागला.

रचना कागदावर मांडणे सोपे. तीत बसणारी माणसे मिळवावी लागतात. या कामी चॅपमन यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मागे खिळून राहावयाच्या सेंटर हाफच्या जागी त्यांनी हर्बी रॉबर्ट्स हा ऑस्वेस्ट्रीचा तरुण आणला. त्याचे काम एकच, की मध्यभाग सोडावयाचा नाही. डाव्या बॅकच्या जागी आला एडी हॅपगुड. हा पूर्वी दूध घालीत असे आणि शाकाहारी होता. त्या काळचा कातडी चेंडू पावसात भिजून जड झाला म्हणजे डोक्याने मारताना त्यास भोवळ येई. संघाचे शरीरशिक्षक टॉम व्हिटेकर यांनी त्याला मांसाहार करावयास लावला. आपल्याकडील शाकाहारी मल्लांना ही चिकित्सा पटण्यासारखी नाही, पण हॅपगुड पुढे इंग्लंडचा कर्णधार झाला खरा. क्लिफ बॅस्टिन हा एक्झिटरचा पोरगा सतरा वर्षांचा असताना चॅपमन यांच्या नजरेस पडला. १९३२-३३ च्या हंगामात कडेवरून खेळून त्याने तेहतीस गोल केले.

१९२८ साली बोल्टनच्या डेव्हिड जॅकसाठी आर्सेनलने १०,८९० पौंड मोजले. एका खेळाडूला दहा हजारांवर किंमत ही तोवर कोणी ऐकली नव्हती. या सौद्याची एक कथा सांगतात. चॅपमन ठरलेल्या वेळेआधी हॉटेलात पोहोचले आणि वाढप्याला त्यांनी सांगून ठेवले, की पाहुण्यांचे पेले दारूने भरभरून द्यावे. आपल्या पेल्यात मात्र दारूचा थेंबही नसावा. बोल्टनने १३,००० मागितले होते. रात्र चढत गेली तशी किंमत उतरत गेली.

गोष्ट विनोदाची आहे; परंतु जॅकच्या बाजूने तिच्याकडे पाहिले म्हणजे हसू मावळते. इंग्लिश लीगच्या नियमाप्रमाणे कोणत्याही खेळाडूला त्या वेळी हंगामात आठवड्यास आठ पौंडांहून अधिक पगार देता येत नसे. म्हणजे जॅकच्या नावावर एका क्लबने दुसऱ्यास जी रक्कम दिली, ती मिळविण्यास खुद्द जॅकला पंचवीस वर्षांहून अधिक काळ खेळावे लागले असते! क्लबने मोकळे केल्याविना त्याला दुसरीकडे जाताही येत नसे. चॅपमन यांस हा अन्याय दिसत नव्हता असे नाही. १९२९ साली ८,७५० पौंडांस घेतलेल्या ॲलेक्स जेम्सला त्यांच्या काळात एका मोठ्या दुकानात क्रीडासाहित्याचे प्रात्यक्षिक दाखविण्याची वर्षास अडीचशे पौंडांची नोकरी मिळाली. लीगने चौकशी केली व व्यवहार नियमात बसतो असे मान्य केले. आडवाट अशी काढता येते, पण ती जेम्ससारख्या एखाद्यालाच. उरलेल्यांना आठ पौंड. वेतनाची ही मर्यादा १९६१ पर्यंत उठली नाही. १९२७ साली मात्र नॉरिस यांच्या आर्थिक गैरव्यवहाराची चौकशी होऊन त्यांनाच फुटबॉलमधून बाहेर पडावे लागले. चॅपमन यांस या वेळी झळ लागली नाही. उलट अध्यक्षांची ढवळाढवळ संपून सारी सूत्रे त्यांच्या हाती आली.

या सूत्रांचा उपयोग त्यांनी कसा केला? सामन्यापूर्वी ते खेळाडूंची बैठक घेत. मैदानाचा लहानसा नमुना पुढे मांडलेला असे, आणि नवख्या पोरालादेखील आपले मत बोलण्याची मुभा असे. बोलणे संपले म्हणजे मात्र मॅनेजरचा शब्द अखेरचा. तो किती अखेरचा होता हे टॉमी ब्लॅक नावाच्या खेळाडूला कळले. १४ जानेवारी १९३३ रोजी तिसऱ्या श्रेणीतील वॉलसॉल या संघाने चषक-स्पर्धेत बलाढ्य आर्सेनलला दोन-शून्य असे हरविले. आर्सेनलचे काही प्रमुख खेळाडू आजारी होते, त्यांच्या जागी ब्लॅकसारखे नवे गडी खेळले. ब्लॅकच्या आडदांडपणामुळे पेनल्टी मिळाली. आठवड्याच्या आत त्याची रवानगी प्लिमथला झाली. नवख्यांना उतरविण्याचा निर्णय चॅपमन यांचाच होता, हे लक्षात घेता ही शिक्षा कठोर वाटते. सर्व सत्ता एका हाती आली म्हणजे दोषाची वाटणीही त्याच हाताने होते.

यश मात्र निर्विवाद. २६ एप्रिल १९३० रोजी वेम्ब्लीवर चषकाचा अंतिम सामना झाला तो चॅपमन यांच्या जुन्या आणि नव्या क्लबांत. त्यांच्या सन्मानार्थ दोन्ही संघ जोडीने मैदानात आले. डोक्यावरून जर्मनीचे प्रचंड 'ग्राफ झेपेलिन' विमान घरघरत गेले. आर्सेनलने दोन गोलांनी सामना जिंकला. १९३०-३१ साली ६६ गुणांचा विक्रम करून अजिंक्यपद लंडनला प्रथमच आले. १९३२-३३ साली पुन्हा. मँचेस्टर आणि लिव्हरपूलकडचे लोक या संघाला 'नशीबवान' म्हणून हिणवीत. घटकाभर दाबून धरलेला प्रतिपक्ष एका लांब चेंडूने आणि दोन धावांनी गारद व्हावा, याला नशीब म्हणणे पराभूतांच्या सोयीचे होते. तथापि आक्षेपात काहीच तथ्य नव्हते असे नाही. सेंटर हाफ हा पूर्वी संघाचा प्राण. तो आता राखणदार झाला. रॉबर्ट्ससारख्या गड्याने चेंडूशी चार घटका खेळावे, प्रेक्षकांना रिझवावे, ही चैन संपली. गुणांच्या हव्यासाने खेळातील आनंद कमी झाला आहे, अशी खंत चॅपमन यांनीही आपल्या वृत्तपत्रीय लेखांतून व्यक्त केली. पण त्या हव्यासाला सर्वांत तीक्ष्ण शस्त्र त्यांनीच दिले होते.

दिव्यांच्या प्रकाशात सामने व्हावेत, खेळाडूंच्या पाठीवर क्रमांक असावेत, युरोपातील क्लबांची एक स्पर्धा असावी, असे अनेक विचार त्यांच्या डोक्यात घोळत. १९२८ च्या ऑगस्टमध्ये आर्सेनलचे खेळाडू क्रमांक घालून खेळले; लीगने ते १९३९ साली स्वीकारले. हायबरीवर दिवे लागले, पण त्यांखाली अधिकृत सामना खेळण्यास परवानगी नाही. लीगचा पहिला सामना दिव्यांखाली झाला तो १९५६ साली. मैदानात त्यांनी पंचेचाळीस मिनिटे मोजणारे भले मोठे घड्याळ लावले. त्यामुळे पंचाच्या अधिकाराला बाध येतो म्हणून फुटबॉल असोसिएशनने हरकत घेतली, तेव्हा त्यांनी त्याचे साधे घड्याळ करून तेथेच ठेवले. असोसिएशनला जे पटविता आले नाही ते भुयारी रेल्वेला मात्र पटविले. मैदानाजवळील 'गिलेस्पी रोड' स्टेशनाचे नाव ३१ ऑक्टोबर १९३२ पासून 'आर्सेनल' झाले. त्यासाठी तिकिटे, नकाशे, फलक सारे बदलावे लागले; आणि क्लबचे नाव लंडनच्या लक्षावधी उतारूंच्या डोळ्यांसमोर फुकटात रोज नाचू लागले.

१९३४ च्या नववर्षदिनी चॅपमन बरी येथे एक सामना पाहावयास गेले, दुसऱ्या दिवशी शेफील्डला. थंडी कडाक्याची होती, त्यांस सर्दी झाली. डॉक्टरांनी अंथरुणात राहण्यास सांगितले. परंतु आर्सेनलचा तिसरा संघ गिल्डफर्डला खेळणार होता, आणि पोरांना पाहिल्याला बरेच दिवस झाले अशी सबब सांगून ते पावसाळी हवेत तेथेही गेले. सर्दीचा न्यूमोनिया झाला. ६ जानेवारीच्या पहाटे हेंडन येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. छप्पन्नावा वाढदिवस तेरा दिवसांवर होता.

तो शनिवार होता. दुपारी हायबरीवर शेफील्ड वेन्सडेशी सामना होता आणि तो रद्द झाला नाही. कित्येक प्रेक्षकांना ही बातमी मैदानाकडे येताना वर्तमानपत्रांच्या फलकांवरून कळली. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. अंत्ययात्रेत शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत दहा हजारांचा जॅक होता, जेम्स होता, हॅपगुड आणि बॅस्टिन होते. त्या वर्षीचे आणि त्यापुढील वर्षीचेही अजिंक्यपद आर्सेनलनेच जिंकले. त्यांचा शिल्पकार जेकब एपस्टाइन यांनी घडविलेला अर्धपुतळा हायबरीच्या संगमरवरी दालनात बसविण्यात आला. २००६ साली ते मैदान बंद झाले, तेथे आता राहण्याची घरे आहेत. घड्याळ मात्र क्लबने सोबत नेऊन नव्या मैदानाबाहेर लावले.